यादीतली राहिलेली ओळ

आपल्याकडे लग्न ठरलं, की साखरपुड्याच्या आधी एक बैठक होते. सतरंजीवर दोन्हीकडची वडीलधारी मंडळी बसतात, चांगल्या अक्षराच्या एखाद्या भाच्या-पुतण्याला पकडून त्याच्या हातात कागद दिला जातो, कागदाच्या कोपऱ्यांना हळदकुंकू लागतं, वर ‘श्री’ येतं, आणि मग ‘याद’ सुरू होते. कार्यालय कोणी घ्यायचं, जेवणाचा खर्च कसा वाटायचा, विहिणीला कोणतं लुगडं, करवलीचा मान काय, सगळं एकेक कलम घालून लिहिलं जातं. शेवटी दोन्हीकडच्या सह्या होतात.

माझ्या लग्नाची याद माझ्या आईने अजून जपून ठेवली आहे. तिच्यात ३१ कलमं आहेत. एकोणिसावं कलम बँडवाल्यांच्या चहाचं आहे! मी तेव्हा नुकतीच बी. ए. झाले होते आणि मला बी. एड. करायचं होतं. बैठकीत बाबांनी तो विषय काढला. माझे सासरे मोकळ्या मनाचे. ते लगेच म्हणाले, “शिकू दे की! आमची कसली हरकत?” सगळ्यांनी माना डोलावल्या, आईने देवाला साखर ठेवली. लिहिणाऱ्याने मात्र ते लिहिलं नाही. असल्या गोष्टी का कोणी लिहितं?

पहिल्या वर्षी सासूबाईंचं आजारपण निघालं. दुसऱ्या वर्षी आमची थोरली झाली. मग घर बांधायला काढलं. ‘नको शिकूस’ असं मला कोणी, कधीही म्हटलं नाही. मी खोटं का बोलू? फक्त बैठकीतलं ते बोलणं माझ्याखेरीज कोणाच्या लक्षात राहिलं नाही, इतकंच. आज मी सावंतवाडीतल्या एका शाळेत अर्धवेळ शिकवते. बी. एड. नाही, म्हणून दर जूनमध्ये ‘यंदा आहे की नाही’ ही धाकधूक ठरलेली.

हे सगळं आठवायला निमित्त झालं ते भाचीच्या बैठकीचं.

लगीन की येव्हार?

माझ्या नणंदेची मुलगी पुण्याला बँकेत नोकरी करते. दोन वर्षांपूर्वी तिने कर्ज काढून तिथे एक लहानसा फ्लॅट घेतला. तिचं लग्न ठरलं ते म्हापशाच्या मुलाशी. मुलगा गुणी, घरचं चांगलं. बैठक वन्संच्या घरी बांद्याला झाली. याद निम्मी लिहून झाली असेल, चहा फिरत होता, आणि भाची आतून बाहेर येऊन म्हणाली, “काका, आमच्या दोघांच्याही चार गोष्टी लिहायच्या आहेत. माझ्या फ्लॅटचं कर्ज कोण फेडणार, आईबाबांना मी दरमहा पैसे पाठवते ते चालू राहणार की नाही, आणि त्यांच्या घरातल्या वाटणीचं काय.”

बैठकीत टाचणी पडली असती तरी ऐकू आलं असतं. तिचे थोरले काका तर उठूनच उभे राहिले. “ह्यां लगीन आसा, की जमिनीचो येव्हार?” वन्संच्या डोळ्यांत पाणी. त्या मला स्वयंपाकघरात ओढत म्हणाल्या, “वहिनी, आता हे मोडतंय बघ. मुहूर्ताआधीच काडीमोडाची भाषा!”

पण मोडलं नाही. सावरलं ते मुलाच्या आईने. त्या बाई शांतपणे म्हणाल्या, “अहो, यात वाईट काय वाटून घ्यायचं? आमच्या गोव्यात लग्नाआधी रजिस्ट्रारकडे जावंच लागतं. आणि मिळकत कशी ठेवायची ते ज्याला ठरवायचं असेल, त्याने लग्नाआधीच ठरवायचं असतं. माझ्या सासूबाईंच्या वेळेपासून हे आहे.”

बांद्याहून पत्रादेवीचा नाका किती लांब? पण नाका ओलांडला की बाईच्या हक्कांचा हिशेबच बदलतो, हे मला इतकी वर्षं शेजारी राहून नीट ठाऊक नव्हतं.

नाक्यापलीकडचा कायदा

गोव्यात पोर्तुगीजांच्या काळातली १८६७ ची नागरी संहिता लागू होती. १९६१ साली गोवा मुक्त झाला, तरी १९६२ च्या कायद्याने तिथले जुने कायदे चालू ठेवले. त्यांतला वारशाचा भाग आता गोव्याच्या स्वतःच्या नव्या कायद्यात आला आहे, पण लग्न आणि मिळकत यांचं मूळ सूत्र तेच राहिलं. ते असं, की नवरा-बायकोंनी वेगळं काही लिहून ठेवलं नसेल, तर दोघांची मिळकत समाईक धरली जाते आणि तिच्यात दोघांचा निम्मा-निम्मा वाटा असतो. म्हणून तिथे नवऱ्याला घर-जमीन विकायची झाली, तर खरेदीखतावर बायकोची सही लागते.

ज्यांना असं समाईक नको असेल, त्यांना दुसरे मार्ग आहेत. दोघांची मिळकत संपूर्ण वेगळी ठेवता येते. किंवा लग्नाआधीचं ज्याचं त्याचं आणि लग्नानंतर मिळवलेलं दोघांचं, असंही ठरवता येतं. हुंड्यासारख्या दिलेल्या मिळकतीचाही एक जुना प्रकार त्यात आहे. मात्र यांपैकी जे काही ठरवायचं, ते लग्नाआधी, रीतसर दस्तऐवज करून. लग्न झाल्यावर ते बदलता येत नाही.

आमच्या भाचीला आणि त्या मुलाला मधला मार्ग पटला. तिचा पुण्याचा फ्लॅट आणि त्याचं कर्ज तिचं. त्याच्या वडिलोपार्जित घरातला वाटा त्याचा. लग्नानंतर दोघं मिळून जे उभं करतील ते दोघांचं. मुलगी महाराष्ट्रातली, मुलगा गोव्यातला, फ्लॅट पुण्यात, तेव्हा कुठला कायदा कुठे लागतो हे विचारायला ती दोघं म्हापशाच्या वकिलांकडे जाऊन आली आणि कागद करून घेतला. थोरले काकाही बरोबर गेले होते. परत आल्यावर म्हणाले, “आमच्या वेळी असतं तर भावाभावांत कोर्ट झालं नसतं.”

मग आपल्याकडे काय?

आपल्याकडे असं नाही, हे आधी स्पष्ट सांगते. महाराष्ट्रात हिंदू विवाह कायदा १९५५ चा, आणि त्यात लग्नाआधीच्या कराराबद्दल एक अक्षर नाही. नवऱ्याची मिळकत नवऱ्याची, बायकोची बायकोची. संसार मोडला तर अर्धं-अर्धं, असा कायदा आपल्याकडे नाही. घटस्फोटात बायकोला नवऱ्याच्या मिळकतीत वाटा मिळावा, असं एक विधेयक २०१३ साली राज्यसभेत मंजूर झालं होतं, पण ते लोकसभेतून पुढे गेलं नाही.

शिवाय भारतीय करार कायदा १८७२ चा. त्याच्या २३ व्या कलमाप्रमाणे लोकहिताच्या धोरणाविरुद्ध जाणारा करार रद्दबातल ठरतो. १९०१ साली कलकत्ता उच्च न्यायालयासमोर एक प्रकरण आलं होतं. जावयाने कायम सासुरवाडीलाच राहावं, असा लग्नाआधी झालेला करार न्यायालयाने मानला नाही. ‘आपण वेगळे झालो तर पोटगी मागणार नाही’, असं बायकोकडून लिहून घेतलं, तरी न्यायालयं सहसा ते तिच्यावर बंधनकारक धरत नाहीत. आणि हुंडा देण्याघेण्याचा करार तर १९६१ च्या कायद्याने मुळातच रद्द आहे. तो मागणं हा गुन्हा आहे.

तुम्ही म्हणाल, मग लिहायचं तरी कशाला? कारण न्यायालय सगळंच नाकारतं असं नाही. नवरा-बायको म्हणून कसं राहायचं, वेगळं झालो तर काय, असल्या अटी टिकणं कठीण. पण अमुक दागिना कोणाचा, अमुक फ्लॅटचे पैसे कोणी भरले, अमुक कर्ज कोणाचं, हे दोघांच्या सहीने लिहिलेलं असेल तर पुढे तो पुरावा होतो. आणि कोर्टाची पायरी चढायची वेळ शंभरात किती जणींवर येते? बाकीच्या घरांत तो कागद विसरलेलं बोलणं आठवून द्यायला उपयोगी पडतो. माझ्या घरी पडला असता.

मुसलमान समाजात निकाहनाम्यात मेहेरची रक्कम लिहिली जाते आणि काही अटीही घालता येतात, त्याला कोणी अविश्वास म्हणत नाही. आपल्याकडेही वराला ‘नातिचरामि’ म्हणायला लावतात ते वचनच असतं. महात्मा फुल्यांनी १८७३ साली सत्यशोधक पद्धतीची लग्नं सुरू केली, त्यांत तर वधू स्त्रियांच्या हक्कांची मागणी करते आणि वर चारचौघांत तिला वचन देतो. आपण नवीन काही काढत नाही आहोत.

किराणा भरला तिने, घर त्याचं

माझी एक मैत्रीण ठाण्याला असते. दोघं नोकरी करणारी. लग्नानंतर सोयीसाठी त्यांनी ठरवलं, की त्याच्या पगारातून फ्लॅटचा हप्ता जायचा आणि तिच्या पगारातून घरखर्च. किराणा, दूध, लाइटबिल, मुलाच्या शाळेची फी, सासूबाईंची औषधं. फ्लॅट त्याच्या एकट्याच्या नावावर. ‘आपल्यात काय तुझं-माझं?’ हे वाक्य दोघांचंही होतं आणि तेव्हा ते खरंही होतं.

नऊ वर्षांनी दोघं वेगळी झाली. त्याच्या हातात फ्लॅटची कागदपत्रं आणि हप्त्यांच्या पावत्या. हिच्या हातात? तूरडाळीची बिलंसुद्धा नाहीत. राहत्या घरातून बायकोला एकदम बाहेर काढता येत नाही, हे संरक्षण २००५ च्या कौटुंबिक हिंसाचाराच्या कायद्याने दिलं आहे. पोटगीचा हक्कही आहे. पण नऊ वर्षांच्या पगाराचा फ्लॅटमधला वाटा दाखवायला तिच्याजवळ कागदाचा कपटा नव्हता. “मी मूर्ख नव्हते गं,” ती मला म्हणाली, “मी फक्त लिहून ठेवलं नाही.”

आणि प्रत्येक वेळी भांडणच व्हावं लागतं असंही नाही. आमच्या शाळेतल्या एका बाईंनी पतीच्या निधनानंतर पुन्हा लग्न केलं. त्यांची एक मुलगी, नव्या यजमानांचा एक मुलगा. दोघांनी लग्नाआधीच बसून ठरवलं, की पहिल्या पतींच्या विम्याचे पैसे मुलीचे, त्यांचं गावचं घर त्यांच्या मुलाचं, आणि आता राहतात तो ब्लॉक मागे राहील त्याच्यासाठी. मग दोघांनी आपापलं मृत्युपत्रही केलं. त्या म्हणतात, “त्या दिवसापासून दोन्ही मुलं मोकळेपणाने एका ताटात जेवायला लागली.”

बैठकीआधी एका पानावर

वन्संच्या घरची हकीकत शाळेत सांगितल्यावर दोघीतिघींनी विचारलं, “काय काय लिहायचं ते सांग ना.” तेव्हा वकिलांना विचारून आणि स्वतःच्या अनुभवाने मी ही टाचणं केली आहेत. उपवर मुलगी घरात असेल तर कापून ठेवा. मुलगा असेल तर जरूर ठेवा.

१. दागिने आणि भेटी. लग्नात मुलीला मिळालेलं स्त्रीधन तिच्या एकटीचं असतं. ते सासरच्यांकडे ठेवायला दिलं तरी मालकी तिचीच राहते, असं सर्वोच्च न्यायालयाने १९८५ साली प्रतिभा राणी प्रकरणात स्पष्ट सांगितलं. त्याच वर्षीच्या नियमांप्रमाणे लग्नातल्या भेटींची यादी करायची असते. वस्तूचं थोडक्यात वर्णन, अंदाजे किंमत, देणाऱ्याचं नाव आणि नातं लिहायचं. वधू-वर दोघांनी सह्या करायच्या. वधूच्या भेटींची यादी वधूकडे, वराच्या वराकडे. एवढं तरी प्रत्येक घरात झालंच पाहिजे. सोनाराच्या पावत्या त्याच पाकिटात ठेवा.

२. आधीची कर्जं. शिक्षणाचं, गाडीचं, घराचं, धंद्याचं, जे असेल ते दोघांनी एकमेकांना आकड्यांसकट सांगावं. लपवलेलं कर्ज हळद उतरायच्या आत उघडं पडतं.

३. राहतं घर. कोणाच्या नावावर, हप्ता कोण भरणार? दोघं भरणार असतील तर नाव दोघांचं हवं. नाव घालणं शक्य नसेल तर घराचा थोडा तरी हप्ता स्वतःच्या खात्यातून जाऊ द्या. खात्याच्या पासबुकातली नोंद बोलते, पिशवीतली भाजी बोलत नाही.

४. आईवडील. मुलाच्या आईवडिलांचं कोण बघणार, हे न विचारताही ठरलेलं असतं. मुलीच्या आईवडिलांचंही लिहा. एकुलत्या एक मुली आता घरोघरी आहेत.

५. शिक्षण आणि नोकरी. बदली झाली तर कोण जाणार, मूल लहान असताना नोकरी कोण सोडणार किंवा थांबवणार, अर्धं राहिलेलं शिक्षण कोणत्या वर्षी पुरं करायचं. वर्ष लिहा. ‘पुढे बघू’ हे वर्ष पंचांगात नसतं, मी शोधलं आहे.

६. विमा आणि नामनिर्देशन. नोकरीतल्या प्रॉव्हिडंट फंडाचं नामनिर्देशन लग्नानंतर नव्याने भरा. १८७४ च्या विवाहित स्त्रियांच्या मिळकतीच्या कायद्याखाली नवऱ्याला बायकामुलांच्या नावे आयुर्विमा उतरवता येतो. त्या पैशांवर सहसा त्याच्या सावकारांना हात टाकता येत नाही. मात्र तसा फॉर्म पॉलिसी घेतानाच भरायचा असतो. धंदेवाईक घरात सून देताना हे आवर्जून विचारा.

आणखी एक सांगते, आणि हे मुलींच्या आयांसाठी. हा कागद मुलीच्या हिताचा जसा होऊ शकतो, तसा तिच्या गळ्याचा फासही होऊ शकतो. मांडव पडल्यावर, आमंत्रणं गेल्यावर, ‘एवढी सही कर’ म्हणून कोणी कागद पुढे केला तर करू नये. करार तिला कळेल त्या भाषेत हवा, निदान महिनाभर आधी हवा, तिच्या बाजूच्या वकिलांनी वाचलेला हवा आणि एक प्रत तिच्या स्वतःच्या हातात हवी. पोटगी सोडली, नोकरी सोडीन, माहेरी जाणार नाही, असलं काही त्यात असेल तर स्थळाबद्दलच पुन्हा विचार करावा. तसं स्थळ लग्नाआधी कळलं हाही कराराचाच फायदा!

अविश्वास नव्हे

वन्संचं डोळ्यांतलं पाणी मला समजत होतं. आपल्या पिढीला वाटतं, प्रेम आहे तिथे हिशेब कशाला? पण मीठ-मिरचीचा हिशेब आपण रोज वहीत मांडतो तो काय वाण्यावर प्रेम नाही म्हणून? लक्षात राहत नाही म्हणून मांडतो. माणसं वाईट नसतात. दिवस जातात, माणसं थकतात, आजारी पडतात, आणि ज्याची अडचण सगळ्यांत कमी बोलते त्याचंच मागे राहतं. घरात कमी बोलणारी कोण असते, ते मी सांगायला नको.

भाचीचं लग्न झालं. निघताना ती मला म्हणाली, “मामी, तू असतीस तर काय लिहिलं असतंस?” मी हसून म्हटलं, “एकच ओळ.”

परवा आई इकडे आली होती. येताना ती जुनी याद घेऊन आली, नातींना गंमत दाखवायला. मुली बँडवाल्यांच्या चहावर हसून हसून लोळल्या. ह्यांनीही कागद हातात घेतला, चष्मा लावून सगळी ३१ कलमं वाचली, मागे उलटून पाहिला. मग जरा थांबून म्हणाले, “नानांनी म्हटलं होतं गं तुझ्या बी. एड.चं. मी होतो तिथे. लिहिलंच नाही का कोणी?”

मी काही बोलले नाही. थोरलीने मात्र पेन आणलं आणि खाली, दोघा व्याह्यांच्या सह्यांच्या वर जी बोटभर जागा उरली होती, तिथे ३२ हा आकडा घालून तिच्या वडिलांच्या हातात पेन दिलं. त्यांनी लिहिलं. वर्षासकट लिहिलं.

तुमच्या घरी येत्या तुळशीच्या लग्नानंतर बैठक असेल, तर पानसुपारीचं कलम झाल्यावर लिहिणाऱ्याला जरा थांबवा. म्हणावं, बाळ, खाली थोडी जागा मोकळी सोड. आणि मग मुलगा-मुलगी दोघांनाही आतून बाहेर बोलवा.